पॅराक्वॅट विषबाधेवरील प्रतिऑक्सिडीकारक उपचार : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : नंदुरबार जिल्हा)

गोषवारा

पॅराक्वॅट हे तणनाशक १९६२ पासून जगाच्या बाजारपेठेत आहे. ते पोटात गेल्यास मूत्रपिंड, यकृत आणि विशेषतः फुप्फुसे निकामी होतात. या विषाची क्रिया ऑक्सिजनच्या विघातक रूपांमुळे घडते हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले आणि त्यातूनच प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे अँटिऑक्सिडंट, द्रव्यांच्या उपचाराची कल्पना पुढे आली. पुढील चार दशकांत या उपचाराने अपेक्षा निर्माण केल्या, परंतु खात्रीशीर उतारा हाती दिला नाही. याच काळात ज्या देशांनी हे विष विक्रीतून काढून घेतले, तेथे मृत्यू कमी झाले. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही इतिहासांची सांगड घालून नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल व डोंगराळ जिल्ह्यासाठी त्यातून निघणारा बोध मांडला आहे.

बीजसंज्ञा : पॅराक्वॅट, तणनाशक, विषबाधा, प्रतिऑक्सिडीकारक उपचार, सातपुडा, नंदुरबार, कीटकनाशक कायदा १९६८.

१. प्रस्तावना

मराठी शेतकरी कीटकनाशकाला आणि तणनाशकाला 'औषध' म्हणतो. पिकावर औषध मारले जाते, दुकानातून औषध आणले जाते, आणि घरात अघटित घडले की वृत्तपत्रात 'विषारी औषध प्राशन केले' अशी बातमी येते. रोग बरा करणारे आणि जीव घेणारे अशा दोन्ही द्रव्यांना भाषेने एकच नाव दिले आहे. नोंदींतही असाच एक घोळ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात विष घेऊन झालेल्या आत्महत्यांची विभागणी करताना 'कीटकनाशक' असा एकच ठोकळ वर्ग केला जातो. त्यात कीटक मारणारे कोणते आणि तण मारणारे कोणते, हा भेद उरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांतील ही उणीव अडचणीची वाटते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र हा भेद जीवनमरणाचा असतो, कारण ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांवर ॲट्रोपीन हा परिचित उतारा आहे, तर पॅराक्वॅटवर तसा कोणताही उतारा नाही.

उतारा नसलेल्या या विषावर वैद्यकशास्त्राने जे उपाय योजले, त्यांत प्रतिऑक्सिडीकारक उपचारांना वैचारिकदृष्ट्या अग्रस्थान आहे. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, ग्लुटाथिऑन, एन-ॲसिटिलसिस्टीन यांसारखी द्रव्ये या उपचारात दिली जातात. ती तुलनेने स्वस्त आणि बहुतांशी निरुपद्रवी आहेत, आणि त्यामागील तर्क पटणारा आहे. तरीही त्यांना अपेक्षित यश का आले नाही, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (अ) पॅराक्वॅट विषबाधेवरील प्रतिऑक्सिडीकारक उपचारांच्या विकासाचे टप्पे निश्चित करणे. (आ) या उपचारांच्या मर्यादांची कारणे शोधणे. (इ) नंदुरबार जिल्ह्याच्या भौगोलिक व सामाजिक परिस्थितीत या इतिहासाचे महत्त्व तपासणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय अहवाल, जनगणना आणि कायद्यातील तरतुदी या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. निंदणीपासून फवारणीपर्यंत

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या येथील प्रमुख जमाती होत. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस, ऊस, केळी, पपई व मिरची पिकते. उत्तरेकडील सातपुड्याच्या डोंगरउतारांवर ज्वारी, मका व भगर यांची कोरडवाहू शेती केली जाते.

या शेतीत तणाशी झुंज ही परंपरेने माणसाच्या हातांनी चालत आली आहे. हरळी, लव्हाळा, कुंदा यांसारखी तणे कोळपणीने व खुरपणीने काढली जात. निंदणी हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम आणि पावसाळ्यातील त्यांच्या रोजगाराचा मोठा आधार. १९७० च्या दशकात शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली आदिवासी शेतमजुरांनी मजुरी व जमिनीच्या प्रश्नांवर जे लढे उभारले, त्यांमागे हीच हातांची शेती होती. मजुरीचा दर आणि मजुरांची उपलब्धता हे प्रश्न पुढे आले, तसा जमीनधारकाला तणनाशकाचा पर्याय सोयीचा वाटू लागणे स्वाभाविक होते. निंदणीला जेथे अनेक स्त्रियांचे अनेक दिवस लागत, तेथे पाठीवरच्या पंपाने एका माणसाला ते काम थोड्या वेळात उरकता येते. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी व शेतमजुरीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. मागे राहणाऱ्या थोड्या हातांनाही फवारणीच सोपी पडते.

महाराष्ट्राच्या तणांच्या इतिहासात १९५५ हे वर्ष लक्षणीय आहे. गाजरगवत पुण्यात प्रथम आढळले ते याच वर्षी, आणि पॅराक्वॅटचा तणनाशक गुणही इंग्लंडमध्ये याच वर्षी उघड झाला. पुढे भारतात कापूस, मका, चहा यांसारख्या पिकांसाठी पॅराक्वॅट डायक्लोराइडची नोंदणी झाली. यांतील कापूस व मका ही नंदुरबारची नेहमीची पिके आहेत.

४. एका रेणूचा प्रवास

पॅराक्वॅटचा रेणू तणनाशक म्हणून जन्मला नाही. १८८२ मध्ये वायडेल व रुसो या रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. १९३३ मध्ये लिओनोर मायकेलिस व त्यांचे सहकारी हिल यांनी त्याचा उपयोग ऑक्सिडीकरण व क्षपण यांच्या अभ्यासातील दर्शक म्हणून सुचविला. एक इलेक्ट्रॉन स्वीकारला की हा रेणू निळा-जांभळा रंग धारण करतो. म्हणून त्याला 'मिथाइल व्हायोलोजेन' असे नाव मिळाले. १९५५ मध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीच्या जेलॉट्स हिल येथील केंद्रात त्याचा तण जाळण्याचा गुण लक्षात आला. विल्यम बून यांच्या नेतृत्वाखालील संशोधनातून १९६२ मध्ये 'ग्रामोक्झोन' या नावाने ते विक्रीस आले.

त्याचे गुण शेतीच्या दृष्टीने मोहक होते. उन्हात काही तासांत तण करपते. द्रव्य मातीवर पडताच चिकणमातीच्या कणांना घट्ट बांधले जाते, त्यामुळे लगेच पेरणी करता येते. पुढे उपचारांतही याच गुणाचा उपयोग झाला. १९७१ मध्ये मुलतानी मातीसारखी शोषक द्रव्ये आतड्यातून होणारे पॅराक्वॅटचे शोषण रोखू शकतात असे प्रायोगिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि रुग्णालयात रुग्णाला लवकरात लवकर मुलतानी माती वा सक्रियित कोळसा देण्याची पद्धत रूढ झाली. रुग्णाच्या लघवीत सोडियम डायथायोनाइट टाकल्यास निळा रंग येतो आणि विषाची ओळख पटते. ही साधी चाचणी म्हणजे १९३३ च्या निळ्या दर्शकाचाच पुढचा उपयोग होय.

माणसांवरील परिणाम पुढे यायला वेळ लागला नाही. १९६६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चुकून पॅराक्वॅट प्यायलेल्या दोघांच्या विषबाधेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या अहवालांतून या विषाचा फसवा क्रम समोर आला. प्रथम तोंड व घसा भाजतो, उलट्या होतात. नंतर एक-दोन दिवस रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो-चालतो आणि नातेवाइकांना धोका टळला असे वाटते. मग मूत्रपिंडे व यकृत मंदावतात. कित्येकांत काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, फुप्फुसे तंतुमय होऊन श्वास कोंडत जातो.

५. प्रतिऑक्सिडीकारक उपचारांचे टप्पे

पहिला टप्पा : कारणमीमांसा (१९६९ ते १९७४). १९६९ मध्ये मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराचा शोध लावला. ऑक्सिजनपासून तयार होणाऱ्या सुपरऑक्साइड या घातक रूपाला शमविणारी यंत्रणा सजीवांच्या पेशींत असते, हे त्यामुळे सिद्ध झाले. या पार्श्वभूमीवर पॅराक्वॅटचे कोडे उलगडले. हा रेणू पेशीतील इलेक्ट्रॉन घेतो, तो ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड तयार करतो आणि स्वतः पूर्ववत होऊन पुन्हा इलेक्ट्रॉन घ्यायला सिद्ध होतो. बस, ऑस्ट व गिब्सन यांनी १९७४ मध्ये या क्रियेचा संबंध पेशीपटलातील मेदाच्या ऱ्हासाशी जोडला. त्याच वर्षी रोज, स्मिथ व वायट यांनी फुप्फुसाच्या पेशी ऊर्जा खर्चून हे विष स्वतःकडे ओढून घेतात असे दाखवून दिले. फुप्फुसात ऑक्सिजन सर्वाधिक असतो. त्यामुळे तेथेच विष साठणे सर्वांत घातक ठरते. परिणामी वैद्यकातील एक रूढ समजही उलटा झाला. धाप लागलेल्या रुग्णाला प्राणवायू देणे ही सर्वमान्य रीत आहे, परंतु पॅराक्वॅटच्या रुग्णाला अनावश्यक प्राणवायू दिल्यास विषाची क्रिया बळावते. रक्तातील प्राणवायू फारच कमी झाल्याशिवाय तो देऊ नये, असा दंडक तेव्हापासून रूढ झाला.

दुसरा टप्पा : प्रयोग व आशा (१९७४ ते १९९०). कारण कळले तेव्हा उपायही सुचला. सुपरऑक्साइड वाढत असेल तर तो शमविणारी द्रव्ये बाहेरून द्यावीत. १९७४ मध्ये सुपरऑक्साइड डिस्म्युटेज दिल्याने प्राण्यांतील विषबाधा सौम्य झाल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ई जीवनसत्त्व वा सेलेनियम यांची कमतरता असलेल्या प्राण्यांत हे विष अधिक बाधते, असेही आढळले. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर १९७० च्या दशकात एन-ॲसिटिलसिस्टीन यशस्वी ठरले होते. ते पेशीतील ग्लुटाथिऑनचा साठा भरून काढते, म्हणून पॅराक्वॅटवरही ते वापरले जाऊ लागले. मात्र प्रयोगशाळेतील यशाची पुनरावृत्ती रुग्णशय्येवर होईना.

तिसरा टप्पा : एकत्रित उपचार व फेरविचार (१९९० नंतर). एकेका द्रव्याने भागत नाही असे दिसल्यावर अनेक उपाय एकत्र देण्याची पद्धत आली. दक्षिण कोरियातील संशोधकांनी क जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देऊन रक्ताच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेत होणारी वाढ मोजली व २००२ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. रक्ताची क्षमता वाढणे आणि रुग्ण वाचणे या मात्र दोन भिन्न गोष्टी ठरल्या. लोहासारख्या धातूंच्या सान्निध्यात क जीवनसत्त्व उलट ऑक्सिडीकारकाचेही काम करू शकते, ही शंकाही होतीच. दुसरीकडे सायक्लोफॉस्फमाइड व मिथाइलप्रेडनिसोलोन देऊन फुप्फुसांतील दाह दडपण्याचा मार्ग त्रिनिदाद व तैवान येथील डॉक्टरांनी अवलंबिला. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्रिनिदादच्या ७२ रुग्णांच्या अहवालाने मोठ्या आशा निर्माण केल्या होत्या. परंतु श्रीलंकेत झालेल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या दाहशामक उपचाराने मृत्यू टळत नसल्याचे दिसून आले. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांची तर एवढ्या काटेकोरपणे परीक्षाही झालेली नाही.

६. मर्यादांची कारणे

पटणारा तर्क व्यवहारात अपुरा का पडला, याची चार कारणे या इतिहासातून हाती येतात.

पहिले कारण रासायनिक आहे. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्याचा रेणू आपले काम करताना खर्ची पडतो. पॅराक्वॅटचा रेणू मात्र खर्ची पडत नाही. तो पुन्हा पुन्हा तीच क्रिया घडवितो. गळक्या नळाखाली बादल्या लावल्या तरी नळ बंद झाल्याखेरीज पाणी थांबत नाही, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे कारण स्थानाचे आहे. विष फुप्फुसाच्या पेशीच्या आत असते, तर सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखे मोठे प्रथिन रक्तात दिले तरी ते पेशीत सहजी शिरत नाही.

तिसरे कारण वेळेचे. प्रयोगात प्राण्याला उतारा विषाआधी किंवा विषाबरोबर देता येतो. माणूस रुग्णालयात पोहोचतो तोवर काही तास लोटलेले असतात आणि विष फुप्फुसांत पोहोचलेले असते.

चौथे कारण पुराव्याचे आहे. १९७९ मध्ये प्राउडफूट व सहकाऱ्यांनी रक्तातील पॅराक्वॅटचे प्रमाण आणि विष घेतल्यापासून गेलेला वेळ यांचा आलेख मांडला. कोणता रुग्ण वाचेल हे बहुतांशी या दोन गोष्टींवरून आधीच सांगता येते, असे त्यातून दिसले. ज्या अहवालांत रक्तातील विष मोजलेलेच नव्हते, त्यांतील वाचलेले रुग्ण औषधाने वाचले की विष कमी गेल्यामुळे, हे ठरविण्याचा मार्ग नव्हता. अनेक उपाय एकाच वेळी दिल्याने श्रेय कोणाचे हेही कळेना. भारतात लुधियाना येथील डॉक्टरांनी पाच वर्षांतील रुग्णांचा आढावा २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक ठिकाणांहून असे आढावे आले. त्यांतूनही उपचारापेक्षा शरीरात गेलेले विष आणि लोटलेला वेळ यांचेच महत्त्व अधोरेखित होते.

यावरून हे उपचार निरर्थक ठरत नाहीत. दुसरा उपाय नसताना निरुपद्रवी द्रव्य देणे योग्यच आहे. परंतु त्यांच्या भरवशावर विष बाजारात ठेवणे योग्य ठरत नाही.

७. बंदीचा इतिहास

उपचारांच्या इतिहासाला समांतर असा प्रतिबंधाचा इतिहास आहे. स्वीडनने १९८३ मध्ये पॅराक्वॅटवर बंदी घातली. युरोपीय न्यायालयाने जुलै २००७ मध्ये युरोपीय संघातील त्याची मान्यता रद्द केली. श्रीलंकेने २००८ ते २०११ या काळात ते टप्प्याटप्प्याने बंद केले. तेथे विषबाधेने होणारे मृत्यू घटले आणि पीक उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचे दिसले नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये नोंदणी रद्द केली व २०१२ मध्ये विक्री थांबविली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत तेथील कृषिरसायनांमुळे होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण लाखामागे ५.२६ वरून २.६७ वर आले. ज्या देशाच्या रुग्णालयांनी क जीवनसत्त्व व ग्लुटाथिऑन यांचा एवढा अभ्यास केला, त्याच देशात विक्रीबंदीने अल्पावधीत हे साधले, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. संकटाचा क्षण पुष्कळदा अल्पकाळ टिकतो. त्या क्षणी हाताशी काय आहे यावर माणसाला दुसरी संधी मिळते की नाही हे ठरते, हा त्यामागचा अर्थ.

भारतात केरळ शासनाने २०११ मध्ये ज्या कृषिरसायनांचा वापर थांबविला, त्यांत पॅराक्वॅट होते. ओडिशात बुर्ला येथील डॉक्टरांनी २०१९ मध्ये बंदीसाठी आवाज उठविला. केंद्र शासनाने मे २०२० मध्ये २७ कृषिरसायनांवरील बंदीचा मसुदा प्रसिद्ध केला, परंतु त्यात पॅराक्वॅटचे नाव नव्हते. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम २७ नुसार लोकसुरक्षेसाठी तातडीने घालता येणारी विक्रीबंदी ६० दिवसांपुरती असते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा महाराष्ट्र शासनाने विदर्भातील काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर घातलेली बंदी याच मुदतीची होती. त्या घटनेने फवारणी करणाऱ्याची सुरक्षितता चर्चेत आली. पॅराक्वॅटचा प्रश्न मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला.

८. नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

या इतिहासातून निघणारे 'वेळ' हे सूत्र नंदुरबारला लावले असता प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. मुलतानी माती वा कोळसा उपयोगी पडतो तो पहिल्या काही तासांतच. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाडे डोंगरांत विखुरलेले आहेत. कित्येक पाड्यांपासून पक्क्या रस्त्यापर्यंत रुग्णाला झोळीतून आणावे लागते. नर्मदेच्या जलाशयाकाठच्या गावांना आरोग्यसेवा बोटीने पोहोचवावी लागते. चांदसैली घाटात दरड कोसळली की धडगाव-तळोदा मार्ग खुंटतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तसे घडलेही. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. परंतु जेथे वाहन जात नाही, तेथे तिलाही मर्यादा पडते. नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२० मध्ये. तत्पूर्वी गंभीर रुग्णाला धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सुरतेस न्यावे लागे.

दुसरा प्रश्न भाषेचा. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार डब्यासोबतचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असले पाहिजे. नंदुरबारमध्ये ती भाषा मराठी होय. घराघरांतून मात्र भिली, पावरी, मावची, कोकणी या बोली बोलल्या जातात. २०११ मध्ये राज्याचा साक्षरता दर ८२.३ टक्के असताना जिल्ह्याचा ६४.४ टक्के होता. वेष्टनावरील रंगीत त्रिकोण निरक्षरांसाठी योजला आहे. त्यात पॅराक्वॅट लाल गटात नसून पिवळ्या गटात येते, कारण वर्गीकरण प्राण्यांवरील घातक मात्रेनुसार केले जाते. उतारा आहे की नाही, याचा त्या रंगाशी संबंध नाही. पिवळा त्रिकोण लालपेक्षा सौम्य असा समज झाल्यास तो दोष वाचणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न विषाच्या फसव्या क्रमाचा. दुसऱ्या दिवशी बरा दिसणारा रुग्ण मजुरी बुडवून आलेल्या नातेवाइकांनी घरी नेणे ही समजण्यासारखी गोष्ट आहे. परंतु पॅराक्वॅटच्या बाबतीत हाच निर्णय घातक ठरतो. 'औषध प्यायला' एवढ्याच माहितीवर उपचार सुरू झाले, तर ॲट्रोपीनची तयारी होईल आणि प्राणवायूची नळी लावली जाईल. म्हणून रुग्णाबरोबर डबा वा बाटली आणणे हाच निदानाचा पहिला टप्पा ठरतो.

९. निष्कर्ष

१. प्रतिऑक्सिडीकारक उपचारांनी पॅराक्वॅटची क्रिया समजून घेण्यास मोठा हातभार लावला, परंतु रुग्ण खात्रीने वाचविण्याइतपत पुरावा चार दशकांत उभा राहिला नाही. ते पूरक उपचार म्हणूनच पाहावेत.

२. रुग्णाचे भवितव्य शरीरात गेलेले विष आणि लोटलेला वेळ यांवर प्रामुख्याने अवलंबून असते. नंदुरबारच्या डोंगराळ भागात वेळेचा प्रश्न हा रस्त्याचा प्रश्न आहे.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रांत शोषक द्रव्ये व डायथायोनाइटची चाचणी उपलब्ध असणे, प्राणवायूविषयीचा दंडक कर्मचाऱ्यांना माहीत असणे आणि बाटली सोबत आणण्याचा निरोप स्थानिक बोलींतून पोहोचणे या अल्पखर्चाच्या गोष्टी आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्याच मार्गाने पाड्यापाड्यांत पोहोचविता येईल.

४. नोंदींत तणनाशकाचा स्वतंत्र वर्ग असावा. जे मोजले जात नाही त्यावर धोरण ठरत नाही.

५. श्रीलंका व दक्षिण कोरिया यांचा अनुभव पाहता विष उपलब्ध नसणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरला आहे. बंदीचा विचार करताना निंदणीच्या मजुरीचा आणि अल्पभूधारकाच्या खर्चाचाही विचार व्हावा लागेल. अन्यथा एका विषाची जागा दुसरे विष घेईल.

तण मारणाऱ्या द्रव्याला शेतकरी औषध म्हणत राहील, कारण ती त्याच्या भाषेची रीत आहे. ज्या द्रव्यावर वैद्यकाकडे उतारा नाही, ते त्याच्या घरात असावे की नाही, हा निर्णय मात्र शासन व समाज यांनी घ्यावयाचा आहे.